पुण्यात पहिल्यांदाच राहायला येताय? आधी कॉट, मग मेस, मग माणसं

जिंतूर, सेनगाव, रिसोड, शहादा, अहेरी अशा ठिकाणांहून पुण्यात पहिल्यांदाच राहायला येणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. कुणाला कॉलेजला ॲडमिशन मिळालेली असते, कुणाला एमपीएससीचा क्लास लावायचा असतो. कोर्स कोणता घ्यावा, क्लास कुठला चांगला, हे सांगणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. इथं आल्यावर परकं वाटतं, त्याचं काय करायचं, एवढ्यापुरतंच लिहितो. मी परभणी जिल्ह्यातला. पुण्यात आता बरीच वर्षं झाली, आणि दर जून-जुलैत ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा "दादा, पुण्यात कसं करावं?" म्हणून फोन येतोच. त्या फोनवर जे सांगतो तेच इथं जरा सविस्तर.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. पुणेकर व्हायच्या मागे लागू नका. ते जमत नाही आणि त्याची गरजही नाही. तुमचं उद्दिष्ट याहून लहान आणि जास्त उपयोगाचं ठेवा: दोन दिवस दिसला नाहीत तर "कुठं होतास रे?" असं विचारणारी चार माणसं या शहरात तयार करायची. मेसवाल्या काकू, अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणारा, लॅबमधला पार्टनर, टेकडीवर रोज समोरून येणारे आजोबा, कुणीही चालेल. जिवलग मित्र वगैरे पुढचं पुढं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या चार माणसांसाठीच आहेत.

आणि "अस्सल पुणेकर" या शब्दाला फार घाबरू नका. पेशव्यांचं घराणं कोकणातलं, श्रीवर्धनचं. टिळक जन्मले रत्नागिरीत, पुण्यात आले दहा वर्षांचे असताना. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. अकोल्याला शिकून मग डेक्कन कॉलेजात आले, आणि अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचे ही त्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. थोडक्यात, हे शहर बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांवर फार पूर्वीपासून चालतंय. फक्त जुने आलेले नव्यांना "बाहेरचे" म्हणतात.

गाव सोडण्याआधी

कागद गावातच पुरे करा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाईल हे सगळं आपल्याच तहसीलमधून निघतं. इथं आल्यावर एका दाखल्यासाठी रात्रभराचा एसटीचा प्रवास, तिथं सेतूवर "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या", आणि परत प्रवास. ओरिजिनल एका फाईलमध्ये, झेरॉक्सचे पाच-सहा संच दुसऱ्या पिशवीत, आणि सगळं स्कॅन करून मोबाईलमध्ये.

सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरल्याशिवाय येऊ नका, नंबर लागेल असं वाटत नसलं तरीही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पात्र असूनही वसतिगृह न मिळालेल्यांना पुण्यासारख्या शहरात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि इतर खर्चाचे ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. अटी असतात, टक्केवारी आणि हजेरी बघतात, त्या नीट वाचा. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम, इतर मागास वर्गासाठी आधार, अशा याच धर्तीच्या योजना आहेत. अर्ज जरूर करा, पण हे पैसे हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांचं गणित त्यांच्यावर बांधू नका.

गावाकडच्या गरजू मुलामुलींसाठी विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहंही आहेत. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये ही संस्था सुरू केली. तिथं खर्च कमी हा एक भाग झाला. खरा फायदा असा की तिथली सगळीच मुलं बाहेरून आलेली असतात, त्यामुळे "तू कुठला?" या प्रश्नात टोमणा नसतो.

कॉलेज सुरू व्हायच्या निदान आठ दिवस आधी या. पहिल्या दिवशी वर्गात बसताना डोक्यात "रात्री झोपायचं कुठं" हा प्रश्न असला, तर शेजारच्याचं नावही लक्षात राहत नाही.

सामानात जाड कपडे कमी आणा, पण ठेच्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी, येसर, असलं काही तरी नक्की आणा, आणि लपवून ठेवू नका. पहिल्या संध्याकाळी बरणी खोलीत मधोमध ठेवायची. सहा अनोळखी मुलं बोलायला लागायला एवढं पुरतं.

पायरी पहिली: कॉट

क्लासवाल्यांची वस्ती सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेत. इंजिनिअरिंगवाले कॉलेज असेल तिथं: आंबेगाव, धनकवडी, आकुर्डी, ताथवडे, वाघोली. पेठेत अख्खी खोली घेणं बहुतेकांना परवडत नाही. मिळते ती कॉट. जुन्या वाड्याच्या किंवा बिल्डिंगच्या एका खोलीत चार ते सहा लोखंडी खाटा, प्रत्येकाला एक, भिंतीत एक कप्पा. जाहिरात खांबावर किंवा चहाच्या टपरीजवळ चिकटवलेली असते. फोन लावला की संभाषण साधारण असं होतं:

"काका, कॉट आहे का?"

"कुठून बोलताय?"

"जिंतूरहून आलोय. परभणी जिल्हा."

"काय करता?"

"एमपीएससी."

"आडनाव काय म्हणालात?"

तुम्ही म्हणालेला नसता, तरी प्रश्न असाच येतो. त्यानंतर "नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्नही येतो, आणि दोन्हींमागे काय विचारायचं आहे हे तुम्हाला कळतं. उत्तर ऐकून "अहो, कॉट आत्ताच गेली" असंही ऐकायला मिळू शकतं. हे चूकच आहे, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. पण ज्या घरात आडनाव लपवून शिरावं लागतं तिथं वर्षभर जपून बोलत राहावं लागतं. त्यापेक्षा दोन गल्ल्या पुढं जा. कॉटा पुष्कळ आहेत.

पैसे देण्याआधी खोलीत पाच मिनिटं उभं राहून या गोष्टी विचारा: पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, संडास किती जणांत, लाईट बिल भाड्यात धरलंय की वेगळं, रात्री गेट किती वाजता बंद होतं, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, आणि डिपॉझिट कधी परत. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून घ्या. फ्लॅट घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. कॉटवाले करार करत नाहीत, तेव्हा निदान पैसे रोख देऊ नका; यूपीआयने द्या आणि शेऱ्यात "डिपॉझिट" असं लिहा.

मालकाला विचारून झालं की तिथं आधीपासून राहणाऱ्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, "पाणी खरंच येतं का?" खरं उत्तर तोच देईल.

मुलींसाठी थोडं जास्तीचं. गेट बंद व्हायची वेळ आणि अभ्यासिकेतून किंवा शेवटच्या प्रॅक्टिकलहून परतायची वेळ जुळते का ते आधी बघा. डिपॉझिट देण्याआधी एकदा रात्री नऊ वाजता तो रस्ता मैत्रिणीबरोबर चालून बघा. दुपारी बघितलेली गल्ली रात्री वेगळी असते. काही झालं तर ११२ नंबर आहेच.

पायरी दुसरी: मेस

मेस निवडताना सगळे चव बघतात. मी म्हणेन माणसं बघा. मोठ्या मेसमध्ये कार्डावर टिक करतात, ताट वाढतात, कुणी मान वर करत नाही. घरगुती मेसमध्ये पंचवीस-तीस जण जेवणारे असतात आणि पंधरा दिवसांत काकूंना कळतं की तुम्हाला वरणात गूळ चालत नाही. इकडच्या आमटीत गूळ असतोच, पहिल्या आठवड्यात त्याचं फार वाईट वाटतं. मग सवय होते, किंवा ठेच्याची बरणी कामी येते.

वेळ ठरवून रोज त्याच वेळेला जा. रोज सव्वाआठला गेलात तर रोज सव्वाआठला येणारे तेच पाच जण भेटतात, आणि काही न करता ओळख होते. मोबाईल खिशात ठेवा. कानात इअरफोन घालून जेवणाऱ्याशी कुणी बोलत नाही, आणि मग तोच म्हणतो की पुण्यात कुणी बोलत नाही.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. दुपारी फीस्ट, रात्री सुट्टी. नवीन मुलाला सगळ्यात एकटं वाटतं ते याच वेळी: खोलीतले लोकल मित्रांकडे गेलेले, घरी फोन करून झालेला, आणि जेवायला एकट्यानेच बाहेर पडायचं. याचा बंदोबस्त शनिवारीच करा. खोलीतल्या कुणाला तरी सांगून ठेवा, "उद्या रात्री अंडाभुर्जी खायला जाऊ." किंवा इंडक्शन असेल आणि मालकाची हरकत नसेल तर खिचडी टाका. रविवारची रात्र एकट्यानं काढायची नाही, हा माझा एकमेव कडक नियम.

पायरी तिसरी: बोलणं

तुम्ही "काय करायलास?" म्हणाल, कुणी हसेल. वऱ्हाडातला "काय करून राहिला बे" म्हणाला की जास्तच हसतील. त्यातलं निम्मं हसणं निर्मळ असतं, कारण त्यांनी ते आजवर फक्त कॉमेडी शोमध्ये ऐकलेलं असतं. उरलेलं निम्मं निर्मळ नसतं. दोन्हींवर माझा उपाय एकच, बोलायचं थांबवायचं नाही. गप्प बसणारी मुलं पुढं वर्षभर गप्पच बसतात. मग हुशार असूनही प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये त्यांना कुणी घेत नाही, कारण ती वर्गात आहेत हेच कुणाला माहीत नसतं.

प्रमाण मराठी शिकायची ती पेपर आणि इंटरव्ह्यू यांसाठी. एखाद्या दैनिकाचा अग्रलेख रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचा, महिन्या-दोन महिन्यांत न आणि ण, श आणि स आपोआप जागेवर येतात. खोलीत, मेसमध्ये, घरच्या फोनवर जसं बोलता तसंच बोला. घरी फोनवर "अगं आई, मी जेवलो गं" असं पुणेरी वळणानं बोलायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत, पलीकडून आई काही क्षण गप्पच होते.

संबोधनांचं मात्र लवकर शिकून घ्या, कारण त्यात अपमान होऊ शकतो आणि तो नकळत होतो. आपल्याकडे अनोळखी मोठ्या माणसाला सहज "मामा" म्हणतात. पुण्यात मामा म्हणजे ट्रॅफिक पोलीस, आणि कुणाला मामा बनवणं म्हणजे आणखी वेगळंच. इथं काका-काकू चालतं, रिक्षावाल्याला दादा किंवा काका. वयानं थोड्या मोठ्या अनोळखी माणसाला सरळ अहो-जाहो. दुकानात आधी "अहो काका, जरा..." एवढं म्हटलं की पुढचं बोलणं बरंच मऊ होतं. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद दिसलं, कुणी तुटक उत्तर दिलं, तर ते मनाला लावून घेऊ नका. ते तसं सगळ्यांनाच देतात, शेजारच्या वाड्यातल्यालाही.

पायरी चौथी: वर्ग

मराठी माध्यमातून बारावी करून इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सीला आलेल्यांचा खरा घोळ इंग्रजीचा असतो, आणि तोही बोलण्याच्या इंग्रजीचा. पेपर लिहिता येतो, वायवात म्हणजे तोंडी परीक्षेत तोंड उघडत नाही. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालायची घाई करू नका. त्याऐवजी: प्रत्येक विषयाचे पंधरा-वीस शब्द वहीच्या मागच्या पानावर, उच्चारासकट. वायवाच्या आदल्या रात्री रूममेटला परीक्षक बनवा आणि उत्तरं मोठ्यानं द्या. तो कॉमर्सचा असला तरी चालतो, त्याला फक्त "नेक्स्ट" म्हणायचं आहे.

वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसा. शंका मराठीत विचारा, बहुतेक सर-मॅडम मराठीतच उत्तर देतात. तास संपल्यावर दारापाशी विचारली तरी चालेल. सरांना तुमचं नाव माहीत होणं महत्त्वाचं.

आणखी एक, जे कळायला मुलांना फार वेळ लागतो. लोकल मुलांचे ग्रुप अकरावीपासूनचे, कधी कधी शाळेपासूनचे असतात. चार वाजले की ती गाडीला किक मारून घरी जातात. ती तुम्हाला टाळत नसतात, त्यांना नव्या मित्राची गरजच नसते. त्यामुळे कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाशी उभं राहून काही होत नाही. सबमिशनच्या आठवड्यात होतं. जर्नल अपुरं, सह्या राहिलेल्या, सगळ्यांची धावपळ. त्या आठवड्यात ज्याच्या फाईली पूर्ण असतात त्याला सगळा वर्ग ओळखतो. फाईल द्या, पण "इथं बसून लिही" असं सांगून द्या. घरी नेऊ दिलीत तर फाईल जाते आणि ओळखही होत नाही.

पायरी पाचवी: जिथं हात कमी पडतात तिथं जा

माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी ही, आणि नेमकी हीच मुलं "अभ्यास आहे" म्हणून सोडून देतात.

गप्पांच्या जागी बाहेरच्या माणसाला शिरकाव मिळत नाही. कामाच्या जागी मिळतो, कारण तिथं माणसं कमी पडत असतात. पुण्यात अशा जागा भरपूर आहेत आणि बऱ्याच फुकट आहेत.

ढोल-ताशा पथक घ्या. गणपतीच्या महिना-दोन महिने आधी नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांत संध्याकाळी सराव सुरू होतो. पथकांना दरवर्षी नवीन वादक लागतात, मुली आणि मुलगे दोन्ही. तुम्ही कुठले, काय करता, हे तिथं कुणी फारसं विचारत नाही. कमरेला ढोल बांधतात, हातात टिपरू देतात, आणि पहिला हात, म्हणजे वाजवायचा पहिला ठेका, शिकवायला लागतात. पहिल्या आठवड्यात तळहात सुजतो, कमरेवर दोरीचे वळ उठतात. मग शेजारचा वादक, जो कोथरूडचा आयटीवाला किंवा मंडईतला भाजीवाला असू शकतो, सांगतो की बोटांना चिकटपट्टी कशी गुंडाळायची. सराव संपल्यावर ढोल ताणायला आणि टेम्पोत चढवायला थांबा. ओळखी वाजवताना होत नाहीत, आवाजच एवढा असतो. त्या टेम्पो भरताना होतात. विसर्जन मिरवणुकीच्या रात्रीपर्यंत तुमच्या मोबाईलमध्ये पन्नास पुणेकरांचे नंबर असतात. सप्टेंबरमध्ये परीक्षा असेल तर मात्र पथकाच्या नादी लागू नका, ते वेळ खूप खातं.

नाटकाची आवड असो वा नसो, कॉलेजच्या कलामंडळात बॅकस्टेजला नाव द्या. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा, भरत नाट्य मंदिरात होते. त्या दिवसांत प्रत्येक कॉलेजला सेट उचलायला, खिळे ठोकायला, प्रॉपर्टी सांभाळायला माणसं हवी असतात. सुतारकाम, वायरिंग, रंगकाम येणारा गावाकडचा मुलगा तिथं सोन्याच्या भावात असतो. आणि तुमची बोली, जिला वर्गात हसले होते, ती तिथं लेखकाला हवी असते. "हे वाक्य तुमच्याकडे कसं म्हणतात?" असं विचारायला तो मागे मागे फिरतो. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्याच दुसऱ्या स्पर्धेत तर वाद्य वाजवणारे, चित्र काढणारे, नाचणारे असे सगळेच लागतात.

हे दोन्ही नको असेल तर एनएसएस आहे, कॉलेजचं ग्राउंड आहे. वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई सकाळी गजबजलेल्या असतात, आणि टेकडीवर रोज येणारी ज्येष्ठ मंडळी बोलायला उत्सुक असतात. दहा दिवस त्याच वेळी गेलात तर अकराव्या दिवशी ते विचारतात, "काय, काल नव्हतास?" रविवारी सिंहगड करा. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत बस जाते, आतकरवाडीची वाट चढायची, वर पिठलं-भाकरी. आपल्याकडच्या मुलांना चढ दमवत नाही, शहरातली मागे राहतात. एक दिवस त्यांच्यासाठी थांबायची वेळ तुमची.

जूनच्या आसपास आला असाल तर पालखीचा मुक्काम चुकवू नका. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या नाना पेठ-भवानी पेठेत उतरतात, आणि सगळ्या पेठा वारकऱ्यांनी भरून जातात. त्यात तुमच्या तालुक्यातली दिंडी असते, शोधली की सापडते. पाणी वाटा, जेवणाच्या पंगती वाढा. शहर तेव्हा दोन दिवस आपल्याकडच्या माणसांचं असतं.

आपल्याकडची मुलं

प्रत्येक जिल्ह्याचा एक ग्रुप असतोच. लातूरचे, बुलडाण्याचे, धुळ्याचे. ते कॉट मिळवून देतात, आजारी पडलात तर दवाखान्यात नेतात, रात्री दोन वाजता पैसे पाठवतात. त्यांना धरून राहा. पण खोली त्यांची, मेस त्यांच्याबरोबर, अभ्यासिका त्यांच्याबरोबर आणि चहाही त्यांच्याबरोबर असं झालं की तुम्ही पुण्यात येऊनही जिल्ह्याबाहेर पडलेले नसता. मी एक साधी वाटणी सुचवतो: खोली आपल्याकडच्यांबरोबर, अभ्यासिका आणि बाकीचं दुसऱ्यांबरोबर.

चहाच्या ग्रुपपासून जरा सांभाळून. अभ्यासिकेतून "पाच मिनिटं" म्हणून खाली उतरलेली मुलं आयोगाचं वेळापत्रक, कटऑफ आणि कोर्टातली केस यांवर दोन तास बोलून परत येतात. मन मोकळं होतं, हे खरं. पण रोज चार वेळा मन मोकळं करायची गरज कुणालाच नसते.

कुणी अंगावर आलं, किंवा मन बसलं तर

चेष्टा आणि छळ यांतला फरक तुम्हाला कळतो, दुसऱ्याला विचारू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. यूजीसीची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. जातीवरून कुणी बोललं तर तारीख, वेळ, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, मेसेज असेल तर स्क्रीनशॉट. मग कॉलेजच्या समान संधी केंद्राकडे लेखी तक्रार, आणि पोच घ्यायची. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा आहे, तो कॉलेजच्या आवारातही लागू आहे. एकट्याने जाऊ नका, विश्वासातल्या सरांना किंवा सीनियरला बरोबर घ्या.

मन बसणं हे वेगळं. आधी मेस चुकायला लागते, मग अंघोळ, मग घरच्या फोनला "नंतर करतो". रूममेटचं असं होताना दिसलं तर त्याला उपदेश नको, बरोबर जेवायला न्या. स्वतःचं असं होत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणून कुठं नोंद होऊन नोकरी जाईल, अशी अफवा अभ्यासिकांत ऐकू येते, तिच्याकडे लक्ष देऊ नका.

स्पर्धा परीक्षावाल्यांना आणखी एक: किती वर्षं द्यायची हे घरच्यांसमोर आधीच ठरवून या आणि आकडा लिहून ठेवा. तीन म्हणजे तीन. "आता एवढी वर्षं गेलीत तर आणखी एक" या हिशोबात अडकलेली तिशीतली मुलं पेठेत आहेत. ती शहरातही नसतात आणि गावातही नसतात.

घर आणि दिवाळी

पहिल्या महिन्यात घरी पळून जाऊ नका. दर शनिवारी गाडीत बसणाऱ्याचं पुणे सुरूच होत नाही. घरी फोन रोज करा, पण ठरलेल्या वेळेला आणि थोडक्यात. आईला "सगळं ठीक" एवढंच सांगू नका, तिला त्यातलं खोटं कळतं. काय जेवलात, खोलीत कोण कोण आहे, काकूंचं नाव काय, असं सांगा. नावं कळली की तिचीही काळजी कमी होते.

दिवाळीला गावी गेलात की "आला पुणेकर" म्हणून चिडवतील. चपलेपासून बोलण्यापर्यंत सगळ्यावर शेरे येतील. पुण्यात गावाकडचा आणि गावात पुणेकर, हे आता काही वर्षं चालणार. चिडू नका, लगेच दोन शिव्या गावच्या बोलीत हासडल्या की प्रकरण मिटतं.

तिकिटाचं मात्र नवरात्रातच बघा. मराठवाड्याकडच्या बऱ्याच एसटी सध्या शिवाजीनगरच्या म्हणजे वाकडेवाडीच्या स्टँडवरून सुटतात, खाजगी ट्रॅव्हल्स संगमवाडीहून. जळगाव, अकोला, नागपूरकडच्यांना महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, पण तिचं रिझर्व्हेशन लवकर भरतं. ट्रॅव्हल्सवाले दिवाळीच्या आठवड्यात भाडं भरमसाट वाढवतात. निघायच्या दोन दिवस आधी मेसमध्ये खाडा लावा, म्हणजे जेवायला नसाल त्या दिवसांची नोंद करा, काकूंना तोंडी सांगू नका, वहीत स्वतः लिहा. सलग किती दिवसांचे खाडे धरतात हा प्रत्येक मेसचा वेगळा नियम असतो, तो ॲडव्हान्स देतानाच विचारून घ्या. कॉटचं भाडं पूर्ण महिन्याचंच द्यावं लागतं, त्यात सूट मागून उपयोग नाही.